पसंतीक्रमाचा पहिला रकाना

मे महिना उजाडला की सोलापुरात दोनच गोष्टींची चर्चा असते, उन्हाचा पारा आणि अ‍ॅडमिशन. पारा निदान जूनमध्ये उतरतो. अ‍ॅडमिशनचा ताप मात्र ऑगस्टपर्यंत रेंगाळतो. नव्या पेठेत साडी घ्यायला गेलेल्या बाईला दुकानदार आधी मुलाचे टक्के विचारतो आणि मग साडीचा रंग. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले अनोळखी गृहस्थ जिलेबी बाजूला ठेवून ‘सायन्सच ना?’ असे विचारतात. त्यांच्या स्वरात प्रश्न कमी आणि तंबी जास्त असते.

मी चौतीस वर्षे राष्ट्रीयीकृत बँकेत काढली. त्यांतली शेवटची काही वर्षे शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर गेली. कादंबऱ्या लिहिते म्हणून लोक मला माणसांची जाणकार समजतात, पण माणसे मला पुस्तकांपेक्षा त्या टेबलासमोर अधिक कळली. आजही दहावी-बारावीचे निकाल लागले की जुने खातेदार फाईल काखेत घेऊन घरी येतात. त्यांचे प्रश्न ऐकता ऐकता एक गोष्ट ध्यानात आली. प्रवेशाची पद्धत बदलली, पण ती पद्धत नेमकी कशी चालते हे कोणी घरोघरी जाऊन सांगितले नाही. त्या पोकळीत अफवांनी घर केले आहे.

आपल्याकडे अकरावीचा प्रवेश म्हणजे त्या त्या महाविद्यालयाचा कारभार होता. दयानंद, संगमेश्वर, वालचंद अशा प्रत्येक ठिकाणी जाऊन वेगळा अर्ज घ्यायचा, वेगळा भरायचा आणि यादीच्या दिवशी फलकासमोरच्या गर्दीत मान उंचावून नाव शोधायचे. नाव नसले की वडील घरी येऊन इस्त्रीचा सदरा घालत आणि ओळखीच्या कुणाच्या तरी दारात जाऊन उभे राहत. आज त्या दिवसांच्या आठवणी काढून हळहळणारे पुष्कळ भेटतात. ‘तेव्हा निदान माणसाशी बोलता येत होते,’ असे ते म्हणतात. बोलता येत होते हे खरे, पण कोणाला? ज्याच्याकडे इस्त्रीचा सदरा आणि ओळखीचे दार दोन्ही होते त्याला.

मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि अमरावती या शहरांपुरती असलेली अकरावीची केंद्रीय ऑनलाइन पद्धत २०२५-२६ या वर्षापासून सबंध राज्याला लागू झाली आणि सोलापूर जिल्हा प्रथमच तिच्यात आला. सुरुवात काही शुभशकुनाची झाली नाही. २१ मे २०२५ रोजी नोंदणी सुरू व्हायची होती. संकेतस्थळाने त्याच दिवशी मान टाकली आणि नोंदणी २६ मेपासून नव्याने सुरू करावी लागली. वेळापत्रक पुढे सरकत गेले आणि पहिली यादी २८ जूनला लागली. तोवर कित्येक पालकांनी मोबाईलच्या पडद्यावरचे ते फिरते चक्र पाहण्यात रात्री घालवल्या.

त्या पहिल्या यादीतले दोन आकडे मला महत्त्वाचे वाटतात. यादीत सुमारे ६ लाख ३२ हजार विद्यार्थ्यांना जागा मिळाल्या. त्यांपैकी सुमारे ४ लाख ५७ हजार विद्यार्थ्यांना अर्जात पहिल्या क्रमांकावर लिहिलेलेच महाविद्यालय मिळाले. म्हणजे जागा मिळालेल्या दर दहा मुलांमागे सातांचे भवितव्य अर्जाच्या पहिल्या रकान्याने ठरवले. नियम असा होता की पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर तिथे प्रवेश घ्यायचाच, नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर आणि थेट ‘सर्वांसाठी खुली’ फेरी येईपर्यंत थांबायचे. ‘बघू या तरी लागते का’ म्हणून पहिल्या रकान्यात गमतीने नाव टाकणाऱ्यांची गंमत तिथेच संपली.

आता ती अफवा, जी मला दर वर्षी कोणी ना कोणी नव्याने सांगतो. ‘मॅडम, पहिल्या नंबरला मोठे कॉलेज टाकले तर दुसऱ्या नंबरचे हातचे जाते. तिथे आधी त्यांना घेतात, ज्यांनी ते पहिल्या नंबरला टाकलेले असते.’ या भीतीपोटी ८८ टक्क्यांची मुले आपल्याला खरोखर हवे असलेले महाविद्यालय अर्जात लिहीतच नाहीत, आणि नको असलेले पहिल्या रकान्यात लिहून तिथे बांधली जातात.

वस्तुस्थिती उलट आहे. बँकेतल्या टोकनची आठवण करा. संगणक सर्व अर्जदारांना गुणांच्या क्रमाने एका रांगेत उभे करतो. आरक्षणाच्या जागांसाठी त्या त्या वर्गाचा विचार होतो, पण तत्त्व तेच. रांगेतला पहिला विद्यार्थी खिडकीशी आला की त्याची यादी वरून खाली वाचली जाते आणि पहिली जी जागा शिल्लक दिसेल ती त्याच्या नावावर लागते. मग दुसरा, मग तिसरा. समजा एका मुलीला ८८ टक्के आहेत. तिने पहिल्या रकान्यात असे महाविद्यालय लिहिले जिथे ९४ टक्क्यांवर जागा संपल्या आणि दुसऱ्या रकान्यात दुसरे. एका मुलाला ८७ टक्के आहेत आणि त्याने ते दुसरे महाविद्यालय पहिल्याच रकान्यात लिहिले आहे. तिथे एकच जागा उरली असेल तर ती कोणाला? ८८ वाल्या मुलीला. कारण खिडकीशी ती आधी पोहोचते. पहिल्या रकान्यातल्या मोठ्या नावाने तिचे काही बिघडवले नाही.

अफवेला मुळीच आधार नाही असेही नाही. जगात अशा पद्धती होत्या. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात सरकारी शाळांच्या प्रवेशात आधी सर्वांच्या पहिल्या पसंतीचा निपटारा होई, मग दुसऱ्या पसंतीचा. तिथे धाडस करणाऱ्याची दुसरी जागा खरोखरच जाई. जाणते पालक हिशेब करून अर्ज भरत, भोळे पालक मनातले लिहीत आणि फसत. २००५ साली बोस्टनने ती पद्धत मोडीत काढली.

या विषयाचे गणित मात्र त्याच्याही पुष्कळ आधीचे आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी १९६२ साली एक छोटासा निबंध लिहिला. विषय होता महाविद्यालयीन प्रवेश आणि लग्ने टिकाऊ कशी जुळवावीत! एकाच निबंधात हे दोन्ही विषय यावेत यात आपल्या वधू-वर सूचक मंडळांना काहीच नवल वाटणार नाही. मुलगा स्थळ पाहतो, स्थळही मुलगा पाहते. दोन्ही बाजूंच्या पसंत्या खऱ्या सांगितल्या गेल्या तर अशी जुळणी करता येते की ती मोडून दुसऱ्या कोणाशी जावे असे दोन्हीकडच्यांना एकाच वेळी वाटणार नाही. शॅप्ली यांना २०१२ साली अॅल्विन रॉथ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गेल त्याआधीच, २००८ साली, निवर्तले होते.

आपली गुणांची रांग त्यांच्या पद्धतीपेक्षा सोपी आहे, पण तिचाही गुण तोच आहे. मनात जो क्रम असेल तोच कागदावर लिहिण्यात तोटा नाही. फक्त एक मेख आहे. २०२५ साली अर्जात रकाने दहाच होते. दहाही रकान्यांत आवाक्याबाहेरची नावे भरली तर त्या फेरीत हाती काहीच येत नाही. म्हणून वरच्या तीन-चारांत मनातले, मधल्या तीनांत आपल्या गुणांच्या आसपासचे आणि खालच्या दोन-तीनांत खात्रीचे, असा माझा सल्ला असतो. खात्रीचे म्हणजे नावडते नव्हे. दहाव्या रकान्यातही असे नाव लिहू नये की जे लागले तर घरात सुतक पडेल.

घाबरून जाण्याजोगी टंचाई तर नाहीच. २०२५ साली दहावीचा राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. उत्तीर्ण नियमित विद्यार्थी साडेचौदा लाखांच्या घरात होते आणि अकरावीच्या जागा वीस लाखांहून अधिक होत्या. टंचाई असते ती दोन-चार नावांची. आणि ती नावे मोठी का, हे विचारले तर उत्तर येते, ‘त्यांचा कट-ऑफ जास्त आहे.’ कट-ऑफ म्हणजे मागच्या वर्षी तिथे शेवटी शिरलेल्या मुलाचे गुण. वर्गात कोण शिकवते, प्रयोगशाळेत उपकरणे चालतात की कपाटात बसतात, ग्रंथालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे असते, यांतले काहीही तो आकडा सांगत नाही. जून महिन्यात एक सकाळ काढून तिथे जावे, दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना फाटकाबाहेर गाठून विचारावे. साडी घेताना आपण पदर उलगडून पाहतो. इथे मुलाची दोन वर्षे आहेत.

हे झाले सांगण्याचे. पण अर्ज भरतो कोण?

माझ्या शाखेत पूर्व भागातल्या एका विडी कामगार बाईचे खाते होते. मी निवृत्त झाल्यावरही त्या येत राहिल्या. मला अक्का म्हणतात, मीही त्यांना अक्काच म्हणते. २०२५ साली त्यांच्या धाकट्या मुलीला दहावीला ८९ टक्के पडले. मुलगी हिशेबात हुशार. तिला वाणिज्य शाखेत जाऊन सीए व्हायचे होते. घरात एकच मोबाईल, तोही मोठ्या मुलाचा आणि तो पुण्यात कामाला. तेव्हा मायलेकी अर्ज भरण्याच्या एका केंद्रावर गेल्या. बाहेर तीस जणांची रांग. केंद्र चालवणाऱ्या पोराने गुणपत्रिका पाहिली आणि म्हणाला, ‘एटी नाइन हाय की! कॉमर्स कशाला? सायन्स टाकतो.’ मुलगी काही बोलेपर्यंत त्याने शाखा निवडली, दहा नावे आपल्या सवयीने भरली आणि अर्ज पक्का केला. मोबाईल क्रमांक त्याने स्वतःचा घातला, परवलीचा शब्दही त्याच्याच वहीत राहिला. पोरगा वाईट नव्हता. दिवसाकाठी असे पन्नास अर्ज तो भरत होता आणि प्रत्येकाचे आपण भलेच करतो आहोत असे त्याला मनापासून वाटत होते.

पहिल्या यादीत मुलीला पहिल्या पसंतीची जागा मिळाली. विज्ञान शाखेची.

अक्का माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना एवढेच कळत होते की मुलीला नंबर लागला आहे आणि तरी ती रडते आहे. नियम काढून वाचला. प्रवेश घ्यावा तर विज्ञान, नाकारावा तर खुल्या फेरीपर्यंत घरी. मुलीने नाकारला. बोटांना तंबाखूचा वास असलेल्या तिच्या आईने तिच्या डोक्यावर हात ठेवून तेलुगूत काहीतरी म्हटले. मला ती भाषा येत नाही, पण मुलीने डोळे पुसले. ऑगस्टमध्ये तिला वाणिज्य शाखा मिळाली, घरापासून दोन बस बदलून जावे लागते अशा ठिकाणी. वर्ग केव्हाच सुरू झाले होते. पहिल्या घटक चाचणीत ती मागे पडली.

तेव्हा केंद्रावर जरूर जा, सर्वांकडे संगणक नसतो. पण जाण्यापूर्वी शाखा आणि दहा नावे घरी कागदावर मुलाच्या हाताने लिहून न्या. मोबाईल क्रमांक घरातलाच द्या आणि परवलीचा शब्द आपल्या वहीत ठेवा. अर्ज पक्का करण्याआधी त्याची छापील प्रत मागा आणि मुलाला मोठ्याने वाचायला लावा. बँकेत आम्ही सहीपूर्वी कर्जाचा करार वाचून दाखवत असू. बहुतेकांना तो वेळेचा अपव्यय वाटे, पण दहांतला एखादा मधेच ‘थांबा’ म्हणायचा.

दाखल्यांचे तर काय सांगावे. नॉन-क्रीमी लेअरचा दाखला मुदतीचा असतो आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते. मागच्या वर्षीचा दाखला घेऊन येणारे पालक जुलैत हताश होऊन तहसील कचेरीत बसलेले दिसतात. बारावीनंतर व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर जायचे असेल तर जात वैधता प्रमाणपत्र लागते. पडताळणी समितीकडे त्याचा अर्ज मूल अकरावीत असतानाच करावा. आजोबांच्या शाळेचा दाखला शोधण्यातच दोन महिने जातात, कारण ती शाळा एकतर बंद पडलेली असते नाहीतर अक्कलकोटच्या पलीकडे कर्नाटकात असते.

बारावीनंतरची भीती पैशांत मोजली जाते, म्हणून ती मला अधिक जवळची. अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रक्रियेत २०२५ साली चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसरीत पहिल्या तीनांपैकी आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी एखादी मिळाली तर ती घेणे बंधनकारक होते. म्हणजे इथे एका रकान्याऐवजी पहिले सहा रकाने बोलके झाले. नियम दर वर्षी थोडे बदलतात, त्या वर्षीची माहिती पुस्तिका स्वतः वाचण्याला पर्याय नाही. शेजारच्यांच्या मुलाने मागच्या वर्षी काय केले हे तर सर्वांत निरुपयोगी.

पहिल्या फेरीत मनासारखे काही लागले नाही की घरात चलबिचल सुरू होते आणि नेमका त्याच वेळी कोणीतरी सांगतो, ‘मॅनेजमेंटची एक सीट आहे, आज पैसे भरले तर.’ वडील माझ्याकडे कर्जाची चौकशी करायला येतात. मी त्यांना आधी एक प्रश्न विचारते, मुलगी आहे की मुलगा? ते चमकतात. मग सांगते. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने निर्णय घेतला की आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील इतर मागासवर्गीय, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. मुलांसाठी असलेल्या राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीलाही हीच अट आहे. घाईघाईने घेतलेली ती ‘एक सीट’ पहिल्या वर्षाच्या पैशांपुरती महाग पडत नाही. चारही वर्षांची सवलत तिच्याबरोबर जाते.

तरीही कर्ज काढावे लागलेच तर वाईट काही नाही. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही आणि हप्ते अभ्यासक्रम संपल्यानंतर साधारण वर्षभराने सुरू होतात. मात्र हप्ते थांबलेले असतात, व्याज थांबत नाही. उदाहरणादाखल, दर वर्षी एक लाख याप्रमाणे चार वर्षांत चार लाख उचलले आणि व्याज दहा टक्के सरळव्याजाने धरले, तर हप्ते सुरू होण्याच्या दिवशी अंगावर पाच लाख चाळीस हजार असतात. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सात हजारांहून थोडे अधिक. आपला मुलगा पहिल्या नोकरीत पुण्यात खोलीभाडे देऊन एवढे बाजूला काढू शकेल का, हा प्रश्न प्रवेशाआधी विचारायचा असतो. मुलासमोर विचारायचा असतो. आपल्याकडे पैशाची गोष्ट मुलांपासून लपवण्याची रीत आहे. मी तर विद्यार्थ्यालाच कॅल्क्युलेटर देत असे. बरीच मुले दोन मिनिटे गप्प बसत आणि मग वडिलांपेक्षा शहाणे प्रश्न विचारत.

या सगळ्या धावपळीत एक रस्ता आपल्या शहराच्या नजरेतून सुटतो. सोलापुरात शासकीय तंत्रनिकेतन आहे. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, आणि मधे नोकरी करायची तर पदविका हाताशी असते. गिरण्या चालू असताना या शहराला हाताने काम जाणणाऱ्या माणसाची किंमत कळत होती. आज तंत्रनिकेतनाचे नाव काढले की पालकांचा चेहरा उतरतो. तिकडे जायचे असेल तर अर्ज वेगळा भरावा लागतो आणि त्याच्या तारखाही वेगळ्या असतात. आयटीआयचेही तसेच. अकरावीचा अर्ज भरला म्हणजे हे दोन्ही आपोआप भरले जातात, असे समजणारे पालक मला दर जूनला भेटतात.